पेपरात आली म्हणून वाटलेले पेढे

पातूर,
३१ डिसेंबर २०२५, बुधवार

प्रिय आकांक्षा,

आधी तुले आजीचा आशीर्वाद अन् मंग शिव्या. आशीर्वाद लहान आहे, शिव्या लांब आहेत, तवा नीट बसून वाच. हे पत्र शिवणवाल्या फरजानाच्या पोरीच्या, तुझ्या तहरीमच्या हातानं येऊन राहिलं, हजेरीच्या वहीत घालून, कारण तुझा फोन तुझ्या बापानं काढून घेतला. तुझ्या आत्याले, वच्छीच्या घरी फोन लावला की वच्छीच उचलते अन् म्हणते, माय, आकांक्षा अभ्यासाले बसली हाय, उठवू नको. अभ्यास! तुझी सारी पुस्तकं गेल्या आठवड्यापासून इथं माझ्या खाटेखाली पडली आहेत, मी रोज झाडू मारताना त्याईले ठेच खाते. मले सगळं समजलं आहे. अभ्यासिकेत काय झालं ते समजलं, तू पोलिसात गेली ते समजलं, अन् येत्या सोमवारी तुझा बाप तुले वकिलाकडे नेणार, तिथं ‘माझा गैरसमज झाला, माझी काही तक्रार नाही’ अशा कागदावर तू सही करणार, हेही समजलं. त्या सहीसाठीच लिहून राहिली. पण मी सरळ लिहिणारी बाई नाही. माझं बोलणं म्हणजे पातूरहून अकोल्याले बाळापूर फिरून जाणं, अन् लिहिणंही तसंच.

जानेवारीत अमरावतीले जाताना तू मले काम लावून गेली होती. म्हणाली, आजी, तू दिवसभर दारात बसून लोकांच्या सुना मोजत राहतेस, त्यापेक्षा पेपरातल्या मोठ्या मोठ्या बातम्या कापून एका वहीत लाव, वर्षाच्या शेवटी मले परीक्षेसाठी कामी येतीन. चालू घडामोडी म्हणतात म्हणे त्याले. मी म्हटलं, बाई, मी दुसरी पास, तेही गुरुजीले दया आली म्हणून. तू म्हणाली, मथळा वाचता येते न, बस झालं. मले इतका आनंद झाला की काय सांगू बापा! बहात्तर वर्षांत मले कोणी भाकरीशिवाय दुसरं काही करायले सांगितलं नव्हतं. तुझा आबा शाळेत शिपाई, तो रिटायर झाला तवा एक कोरी हजेरी घरी आली होती, लाल पाठीची. ती पेटीतून काढली, ज्वारीच्या पिठाची खळ शिजवली, फरजानाकडून तिची जुनी कात्री आणली अन् सुरू झाली. पेपर सकाळी आधी तुझा बाप वाचते, मंग शेजारचा मोतीराम नेते, तो त्याच्यावर चहा सांडून आणते, अन् दुपारच्याले तो माझ्या हाती पडते. बारीक अक्षर मले दिसत नाही. मोठं मी बोट ठेवून वाचते. तेवढ्यातच मी देशाचं अख्खं वर्ष पाहिलं, आकांक्षा.

पहिलं पान कुंभमेळ्याचं. इतकी माणसं की फोटोत जमीन दिसत नाही. सुंदराबाई लेकासंगं जाऊन आली, बाटलीत गंगा घेऊन आली अन् गल्लीत चमचा चमचा वाटली, जसं काही तिनंच ती डोक्यावर धरली होती. तिथं चेंगराचेंगरी होऊन माणसं मेली तेही मी त्याच पानावर खाली लावलं. सुंदराबाई म्हणे, पुण्याच्या कामात ते काहून लावलं? मी म्हटलं, मेले ते काय पाण्यात विरघळले? मार्चात ती बाई अंतराळातून परत आली, आठ दिवसांसाठी गेलेली अन् नऊ महिने अडकलेली. मी तुझ्या आईले म्हटलं, पाह्य, आठ दिवसांसाठी गेलेली बाई नऊ महिन्यांनी आली तरी जगानं टाळ्या वाजवल्या, अन् आपल्याकडे माहेरी दोन दिवस जास्त राहिलं की सासूचं तोंड वर्षभर वाकडं. तुझी आई म्हणे, तुमचं झालतं न आत्याबाई तसं. खरंच झालतं. आम्ही दोघी लय हसलो. आता ती हसत नाही, भाकरी थापते अन् काठवटीतच डोळे गाळते.

त्याच महिन्यात अकोल्याचे नत्थुजी गेले, तुझ्या आबाचे चुलतभाऊ. पेपरात टोपीतला फोटो आला, खाली लिहिलं होतं, धार्मिक अन् मनमिळाऊ. तुझा बाप म्हणे, माय, आपल्या घरचा माणूस पेपरात आला, हे लाव वहीत. मी ते कापलं, बरोबर चौकोनी कापलं. पण लावलं नाही. त्या कागदानं बंब पेटवला अन् त्या पाण्यानं डोक्यावरून आंघोळ केली. वहीतली जागा तशीच कोरी सोडली. तुझा बाप आठ दिवस माझ्याशी बोलला नाही. तसं काहून केलं ते शेवटी सांगते, आता सांगितलं तर पुढचं लिहिणार नाही.

एप्रिलात अमरावतीतून विमान उडालं. मी तुले फोन केला, आता विमानानंच ये. तू म्हणाली, आजी, ते मुंबईले जाते, पातूरले नाही. मंग त्याच महिन्यात ते पहलगामचं झालं. ती नवी नवरी, नवऱ्याच्या बाजूले गवतात बसलेली. त्या कागदाले मागून खळ लावता लावता माझा हात थांबला, वाटलं मी तिच्या पाठीलेच खळ फासून राहिली. रडली मी. फरजानाही रडली, माझ्या इथं, माझ्या पायरीवर बसून. अन् तिसऱ्या दिवशी ही गंगा वाटणारी सुंदराबाई फरजानाच्या दुकानात गेली अन् न शिवलेले ब्लाऊजचे कापड परत मागून आणले. वीस वर्षांपासून जी बाई तिच्या गळ्याचं माप मनात धरून शिवते, तिले म्हणे, आता दुसरीकडं टाकते. फरजानानं कापडाची घडी नीट केली अन् देऊन टाकली. मले त दोन ब्लाऊज पुरतात, तरी मी दुसऱ्या दिवशी तीन कापडं घेऊन गेली. मले तवाही राग आलता, पण तो राग म्हणजे आताच्या रागाचं पिल्लू. मे महिन्यात टीव्हीवर भोंगे वाजले तर मोतीराम संध्याकाळीच घरातला बल्ब बंद करून बसला, अंधारात कोण्या कुत्र्यानं त्याची कोंबडी नेली. मी म्हटलं, शत्रू घेऊन गेला. तो अजून माझ्यावर फुगून आहे.

जूनमध्ये अहमदाबादले ते विमान पडलं, इतक्या जणांतून एकच माणूस चालत बाहेर आला. त्याले मी एकट्याले एका पानावर लावलं, त्याले गर्दी नको म्हणून. जुलैत नागपूरची ती पोट्टी बुद्धिबळात जग जिंकून आली, एकोणीस वर्षांची, अन् जिंकल्यावर मायच्या गळ्यात पडून ढसाढसा रडली. मले बुद्धिबळातलं काही समजत नाही, पण ते रडणं समजलं. त्या दिवशी मी तुले म्हटलं होतं, नागपूरची जिंकते त पातूरची काहून नाही? तू म्हणाली होती, थांब आजी, पाहशीलच. पावसानं सोयाबीन काळं केलं ते काही मी लावलं नाही, ते दारातूनच दिसत होतं.

अन् मंग आला तीन नोव्हेंबर. पोरींनी क्रिकेटचा विश्वचषक जिंकला. पहिल्या पानावर हा एवढा मोठा फोटो, साऱ्या पोरी कप वर धरून ओरडून राहिल्या, तोंडं उघडी, केस सुटलेले, अन् कोणी म्हणत नाही की बाईनं इतकं तोंड उघडू नये. त्या दिवशी तुझ्या बापानं काय केलं सांगू? मोतीराम पेपर मागायले आला तर त्याले म्हणे, दुकानात राहिला. अन् पेपर अन् कात्री दोन्ही स्वतः माझ्या हातात आणून दिली. म्हणे, माय, हा फोटो लाव. मोठा लाव. नीट चिकटव, कोपरे उचलू देऊ नको. अव पोट्टे, माझ्या बावन्न वर्षांच्या लेकानं पहिल्यांदा माझ्या कामाकडं पाहिलं! मी त फुलून गेली. रोजच्यापेक्षा घट्ट खळ शिजवली, बोटानं कोपऱ्याकोपऱ्यात दाबली, वर पाटा ठेवला अन् पाट्यावर वरवंटा. दोन दिवस काढला नाही. माझ्याच हातानं, आकांक्षा. माझ्याच पाट्यानं.

दिवाळीनंतर तू घरी आली नाहीस. बाप म्हणे, परीक्षा जवळ आली, आता वच्छीच्या घरी राहून अभ्यास करते. मले खरं वाटलं. डिसेंबरात, म्हणजे आजपासून पंधरा दिवस झाले असतीन, आम्ही बायका उन्हात तुरीचे सोले काढत बसलो होतो. सुंदराबाई शेंग फोडता फोडता म्हणाली, मनकर्णाबाई, तुमची आकांक्षा पेपरात आली म्हणतात, तुमाले घरच्याईनं सांगितलं नाही काय? बाकीच्या बायकांनी माना खाली घातल्या. आता तूच सांग, मी काय समजावं? माझ्या जन्मात आपल्या गल्लीतलं माणूस पेपरात येते ते दोनच वेळा. एक तर बोर्डात नंबर लागला नाही तर सरकारी नोकरी लागली की येते, अन् दुसरं, मेलं की येते. तू मेली नव्हतीस, सकाळीच वच्छीनं सांगितलं होतं की तू दोन पोळ्या खाल्ल्या. म्हणजे तू पास झालीस! अन् बापानं सांगितलं नाही म्हणजे तो मले एकदम सांगून खुश करणार असन! माझ्या पदरातले सोले सांडले. मी तशीच उठली, चपला उलट्या घातल्या अन् पेढे आणायले गेली.

एकोणीस घरं फिरली मी. एकोणीस. प्रत्येक दारात म्हटलं, आकांक्षा पेपरात आली, तोंड गोड करा. मोतीरामनं दोन घेतले अन् म्हणे, अभिनंदन! औषधाच्या दुकानवाल्यानं पेढा तोंडात टाकला अन् माझ्याकडं पाठ करून डब्बे लावायले लागला. शाळेपुढच्या घरातल्या मास्तरीणबाईनं हात जोडले अन् पेढा देवाजवळ ठेवला. अन् सुंदराबाईनं? सुंदराबाईनं पेढा खाल्ला, बोटं चाटली, पदराले पुसली अन् म्हणाली, गोड आहे हो, कुठून आणला? अव, जीभ झडली नाही त्या बाईची! एकाले वाटलं नाही की ह्या म्हातारीले दारातच थांबवावं, आत घ्यावं, पाणी द्यावं, सांगावं. अख्ख्या गल्लीनं माझे पेढे खाल्ले अन् मी वळली की दारं लावून घेतली. मी मात्र हसत हसत पुढच्या दारी. आठवलं की अजून कानशिलं तापतात.

विसावं घर फरजानाचं. तिनं पेढा हातात घेतला, तोंडात टाकला नाही. शिलाई मशीन थांबवली, दार लोटलं अन् म्हणाली, मावशी, पहले बैठो. पेढा बाद में. मी म्हटलं, अव खा तर, तुया तहरीमच्या मैत्रिणीचा हाय. ती माझ्या पायाजवळ जमिनीवर बसली अन् तिनं मले सांगितलं. तहरीमनं तिले सांगितलं होतं, अन् तू त्या दोघींकडून शपथ घेतली होती की आजीले कळू देऊ नका, तिले सहन होणार नाही. ह्या शपथेबद्दल तुले वेगळ्या शिव्या आहेत. मले सहन होणार नाही? मी तीन बाळंतपणं खाटेवर चादर न घालता सहन केली, तुझ्या आबाचे खर्राटे चाळीस वर्षं सहन केले! फरजाना म्हणाली, मावशी, तीन तारीख के पेपर में था, दूसरे पन्ने पे. दुसऱ्या पानावर. पहिल्या पानाच्या मागं. तवा माझ्या डोक्यात उजेड पडला की माझ्या लेकानं मले कात्री काहून आणून दिली होती.

आम्ही दोघींनी हजेरी उघडली. फडकं कोमट पाण्यात भिजवलं, पिळलं, फोटोवर ठेवलं, पुन्हा ठेवलं. फरजानानं सुईनं कोपरा उचलला. पण मी चिकटवलं होतं कसं, पाटा ठेवून! कप धरलेल्या पोरीचा हात फाटला, मंग कप फाटला, मंग एकीचं अर्धं तोंड वहीतच राहून गेलं. जिंकलेल्या पोरींचे तुकडे करत करत आम्ही तुझ्यापर्यंत आलो. चार ओळी निघाल्या. फरजानानं वाचल्या, मंग मी तिचा चष्मा लावून, बोट ठेवून वाचल्या, चार वेळा. ‘शहरातील एका अभ्यासिकेच्या संचालकाने पातूर येथील तेवीस वर्षीय विद्यार्थिनीशी गैरवर्तन केल्याची तक्रार आहे. पोलिसांनी गुन्हा नोंदवला असून पुढील तपास सुरू आहे.’ झालं. मंग त्याच्या खाली म्हशीची चोरी, ती सहा ओळी. तुझं गाव छापलं. तुझं वय छापलं. त्याचं गाव नाही, वय नाही, नाव नाही. तो ‘एक’. पातूरहून अमरावतीले शिकायले गेलेल्या तेवीस वर्षांच्या पोरी किती असतीन? बसस्टँडवरच्या पोराठोरांनीही तुले ओळखलं, अन् त्याच्या शेजाऱ्याले ठाऊक नाही की तो कोण आहे. ज्यानं कोणी त्या ओळी लिहिल्या त्याले माझ्यासमोर आणा, मी त्याले हजेरीनं बडवते.

बडवण्यावरून आठवलं. आता जे लिहिते ते लिहिताना मी एकटीच हसून राहिली, तुझी आई सैपाकघरातून डोकावून गेली. पेपरात नव्हतं ते तहरीमनं तिच्या मायले सांगितलं अन् फरजानानं मले करून दाखवलं, उठून, हात वर करून. त्या मेल्यानं तुले दुपारी त्याच्या खोलीत बोलावलं, जागेचं काही बोलायचं आहे म्हणून, अन् दार लोटून तुझा हात धरला, अन् तू दुसऱ्या हातातलं ते विटेएवढं जाड चालू घडामोडीचं पुस्तक त्याच्या थोबाडावर हाणलं! एकदा नाही, दोनदा! चष्म्याच्या दोन काचा दोन कोपऱ्यात! अन् चप्पल न घालता तशीच जिना उतरून तहरीमले घेऊन ठाण्यात गेलीस, अन् ठाण्यातल्या माणसानं घरच्या मोठ्या माणसाले घेऊन ये म्हटलं त त्याले म्हणालीस, मीच मोठी आहे, लिहा! अव माय, अव माझे बाई! देशाचं अख्खं वर्ष त्याच्या नाकावर बसलं! मी इकडं ज्वारीची खळ लावत होती अन् तू तिकडं असं लावलं! मी वर्षभर पेपर कापले, त्यात इतकी मोठी बातमी मले दिसली नाही. तवा ऐक, ते पेढे मी चुकून वाटले नाहीत. बरोबर वाटले. मी एकाही घरी जाऊन सांगितलं नाही की चूक झाली. उलट दुसऱ्या दिवशी सुंदराबाईच्या दारात उभं राहून म्हटलं, कालचा पेढा कशाचा होता ते समजलं न? माझ्या नातीनं मारलं त्याचा होता, पचला न? तिनं दार लावून घेतलं. अन् आता पचवत बस म्हणावं.

मंग मी तुझ्या बापाले धरलं. दुकानातून आला, हात धुवायच्या आधीच ती भिजलेली वही त्याच्या ताटाच्या जागी ठेवली. त्यानं ती वही बाजूले सरकवली. मंग म्हणे, माय, संक्रांतीनंतर वाशिमकडची माणसं तिले पाहायले येणार होती, त्याईनं निरोप देल्ला की आधी ते प्रकरण मिटवा. म्हणे, तो माणूस माफी मागायले तयार हाय, पण घरात, चारचौघात नाही. म्हणे, तिच्याच भल्यासाठी करून राहिलो, तुले काय समजते? मी म्हटलं, मले दुसरीपर्यंतचं समजते, अन् दुसरीच्या पोरालेही समजते की मारलं कोणाले पाहिजे अन् माफी कुठं मागितली पाहिजे. तू तुया पोरीची बातमी मायच्या हातानं गाडली, सहदेव. त्याच्या डोळ्यात पाणी आलं, वाईट नाही तो, भित्रा आहे. मी हात उचलला होता, खरं सांगते, बावन्न वर्षांच्या लेकाच्या कानाखाली द्यायले. तेवढ्यात तो म्हणाला, वच्छीही तेच म्हणते. वच्छीनं पहिल्याच दिवशी आकांक्षाले सांगितलं, तोंड धू, केस विंचर, कोणाले सांगू नको, दोन महिन्यांत सगळं जुनं होते. अन् माझा उचललेला हात तसाच खाली आला. मी आत जाऊन खाटेवर बसली. तो समजला, म्हातारी थकली.

थकली नव्हती. ते शब्द वच्छीचे नाहीत, आकांक्षा. माझे आहेत, एकूण एक. तुझी आत्या सोळा वर्षांची होती, अकोल्याले शिलाईच्या क्लासले जायची अन् नत्थुजीच्या घरी राहायची, आपलंच घर म्हणून आम्ही ठेवली होती. एक दिवस दुपारच्या बसनं अचानक आली, पिशवी नाही, एकाच पायात चप्पल. मी भाकरी थापत होती. तिनं दाराजवळ उभं राहून मले सांगितलं, नाव घेऊन सांगितलं. मी थापणं थांबवलं नाही. तव्यावरची भाकरी उलटवली अन् म्हटलं, तोंड धू, केस विंचर, कोणाले सांगू नको, दोन महिन्यांत सगळं जुनं होते. तुझ्या आबाले सांगितलं, पोरीले ताप आला. क्लास बंद केला. त्या दिवाळीले नत्थुजी आले तर मी त्याच्यासाठी करंज्या तळल्या, अन् वच्छीच्या हातानं त्याले पाणी पाठवलं. चार महिन्यांत तिचं लग्न लावून अमरावतीले देऊन टाकलं. चौतीस वर्षं झाली, जुनं झालं नाही. ती माहेरी आली की दोन दिवसांत परत जाते अन् मी आजवर लोकांले सांगते, वच्छीले तिच्या घराची लय ओढ. म्हणून मी सोमवारची वाट पाहणार नाही. रविवारच्या बसनं मी निघून राहिली, तुझ्या बापाले सांगून निघून राहिली, अन् सोमवारी तो येईन तवा मी वच्छीच्या उंबरठ्यावर बसलेली असन. त्या कागदावर तू सही करू नको. अन् हे पत्र तुझ्या नावाचं आहे, पण हे शेवटचं पान तुझ्यासाठी नाही. हे वच्छीले वाचून दाखव, मोठ्यानं, मी यायच्या आधी, कारण तिच्यासमोर मले तोंडानं बोलता येणार नाही. तिले म्हणावं, तू सांगितलं ते खरं होतं, अन् तुझी माय चुकली. वहीत मार्चातल्या पानावर टोपीवाल्या फोटोची जागा कोरी आहे. ती जागा तिची आहे. तिले वाटलं त तिनं तिथं लिहावं, नाव घेऊन, मोठ्या अक्षरात, मले वाचता येईन असं. नाही वाटलं त कोरी राहू द्यावी. मी दोन्हीले समजून घेईन.

तुझीच, अन् चौतीस वर्षं उशिरा का होईना, वच्छीचीही,
मनकर्णा